मंगळवारचा पाहुणा

ग्योर्लिट्झ, १९ सप्टेंबर २०१२

एकहार्ट,

काल दुपारी अडीच वाजता, खालच्या बाजारचौकातल्या बावीस नंबरच्या घराच्या कमानीत, माझ्या कानात कुणीतरी "चिमणे" म्हणालं.

ती कमान तुला मी समजावून सांगायला नको. दगडातल्या खोबणीला तोंड लावून कमानीच्या एका पायाशी कुजबुजलं की दुसऱ्या पायाशी कान लावून उभ्या असलेल्याला स्पष्ट ऐकू येतं, आणि मधे उभ्या असलेल्यांना काही पत्ता लागत नाही. बावीस वर्षं मी लोकांना हे शहर दाखवतेय, आणि बावीस वर्षं त्या कमानीत कान लावतेय. लोक काय काय बोलतात! "बाथरूम कुठे आहे?" "पाय दुखतायत, कॉफी कधी?" एका म्हाताऱ्यानं तर मला लग्नाची मागणी घातली होती, बायको शेजारी उभी असताना. पण मला चिमणी म्हणणारा माणूस जगात एकच. तो तेहेतीस वर्षांपूर्वी देश सोडून गेला.

मी वळून त्या बाजूला जाईपर्यंत तिथे कास्सेलच्या एक बाई आपला नंबर लागायची वाट बघत हसत उभ्या होत्या. "आत्ता इथे होते की ते," त्या म्हणाल्या, "करड्या टोपीवाले. सारखे सगळ्यांच्या मागे राहत होते. पण काय मन लावून ऐकत होते हो तुमचं!"

मन लावून!

पुढचा तासभर मी काय बोलले मला आठवत नाही. सेंट पीटरच्या चर्चचा ऑर्गन मी बहुतेक शंभर वर्षांनी म्हातारा केला. बिचारे वीस जण बदकांसारखे मागून चालत होते. मग मी पर्यटन कचेरीत गेले आणि लिंडनबाईंना नोंदवही उघडायला लावली. एकविसावं नाव: आल्ब्रेख्ट, ब्रेमरहाफेन.

आल्ब्रेख्ट. आपल्या बोक्याचं नाव. स्वतःच्या गावात बोक्याचं नाव लावून आलास!

दोन तास तू माझ्या मागून चाललास. मी बाबांच्या शाळेसमोर थांबले तेव्हा तू तिथे होतास. नदीवर थांबून पलीकडचा किनारा पोलंड आहे हे मी बाकीच्यांना सांगत होते तेव्हाही. दोन तासांत तुला एकदाही वाटलं नाही की पुढे यावं आणि म्हणावं, मी आहे? आणि तुझी आई त्याच वेळी इथून ट्रॅमनं बारा मिनिटांवर, वृद्धाश्रमाच्या खिडकीशी बसलेली होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिच्याकडे जायला तुला वेळ नव्हता. गॉथिक कमानी बघायला होता.

बाबांच्या अंत्यसंस्काराला तू आला नाहीस. त्याची कारणं असतील, त्यात मला आत्ता जायचं नाही. पण या वेळी काय कारण होतं? कुणी तुला अडवलं होतं?

दर नाताळला तू छापील कार्ड पाठवतोस, त्यावरच्या पत्त्यावर हे लिहितेय. उत्तर दे, नाहीतर नको देऊस. पण पुन्हा माझ्या कानात कुजबुजू नकोस.

रोस्विटा


१ ऑक्टोबर

एकहार्ट,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. मोजल्या मी.

"मी केवळ प्रवासी म्हणून आलो होतो. शहर पाहायचं होतं. तू सुंदर बोलतेस. आईला यात त्रास देऊ नकोस."

केवळ प्रवासी. वा! मग तुला शहर दाखवायचं माझं कामच आहे. त्या दिवशी अर्धंच दाखवलं, उरलेलं आज दाखवते. हे फिरणं आमच्या पत्रकात छापलेलं नाही.

पहिला थांबा: मुलांची शाळा. इथे आपले बाबा गाणं शिकवायचे. १९७९च्या ऑगस्टमध्ये त्यांचा मुलगा पाठीला पिशवी लावून दहा दिवसांसाठी बुडापेस्टला गेला, आणि पाच आठवड्यांनी त्याचं कार्ड आलं ते पश्चिम जर्मनीतून. तो सीमेपार कसा गेला ते आम्हाला कधी कळलं नाही. सप्टेंबरात बाबांना हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक कागद होता. मुलाशी माझा यापुढे संबंध नाही, त्याच्या कृत्याचा मी धिक्कार करतो, खाली सही. बाबांनी पेन उचललं, टोपण लावलं आणि परत ठेवलं. एवढंच. घरी येऊन आईला म्हणाले, "इर्मगार्ड, उद्यापासून मला जाड हातमोजे लागतील."

दुसरा थांबा: त्याच शाळेचं तळघर. ज्या माणसानं वर चार आवाजांची गाणी बसवली तो खाली अकरा वर्षं बॉयलरमध्ये कोळसा घालत होता. वरून मुलांचा गाण्याचा तास ऐकू यायचा. नवीन मास्तर बेसूर शिकवायचा, याचं त्यांना कोळशापेक्षा जास्त दुःख होतं.

तिसरा थांबा: पोस्ट. इथे मी. लाइपझिगला कलेचा इतिहास शिकायला माझी निवड झाली होती, आठवतं? नसेल. 'जागा उपलब्ध नाही' म्हणून पत्र आलं. मी अकरा वर्षं तिकिटं विकली. तुझी पत्रं माझ्याच काउंटरवर यायची, आधीच उघडून परत चिकटवलेली. त्यात तू लिहायचास की समुद्राची हवा तुला मानवते.

१९९०मध्ये तू एकदा आलास. लाल गाडी घेऊन, केळी आणि कॉफी घेऊन. बाबा तुला बघून ताटावरून उठले आणि बागेत गेले, रात्रीपर्यंत आले नाहीत. तुला तेवढंच लागलं. पुन्हा फिरकला नाहीस.

आणि हे 'आईला त्रास देऊ नकोस' काय आहे? तुला आईच्या त्रासाची काळजी कधीपासून लागली? सांगते, आई मजेत आहे. तुझं नाव कधी काढत नाही. विचारतही नाही. नीट जेवते. मागच्या वर्षी आरोग्य विम्यातून तिला नवी कवळी मिळाली, इतकी बेमालूम बसलीय की मी त्यांना आभाराचं पत्र पाठवलं. सरकारी माणसं तुझ्यापेक्षा बरी.

रोस्विटा


७ ऑक्टोबर, रविवार

दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणं हा तुझा धंदा. चौतीस वर्षांचा. हे मी विसरले कशी? आईची कवळी विम्याची नाही, तुझी आहे. आणि विमा कंपनीला आभाराचं पत्र! त्यांनी काय म्हटलं असेल!

आज मी आश्रमात गेले तर बोझेना, ती सगळ्यात चांगली नर्स, पलीकडून पूल ओलांडून येते ती, आईची चादर बदलत म्हणाली, "तुमचे भाऊ आता नाताळच्या जत्रेलाच येणार ना? आजींचा आलुबुखारचा मुरंबा संपत आलाय."

मी म्हटलं, "कोणाचे भाऊ?"

तिला वाटलं मी थट्टा करतेय. "मंगळवारचे," ती म्हणाली. "ते सभ्य गृहस्थ. पुढच्या दारानं नाही, बागेकडून येतात ते."

मी आईकडे बघितलं. आई भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला झोप नव्हती, एकहार्ट. झोपलेल्या माणसाचे खांदे असे कान टवकारत नाहीत.

बोझेनाला मी कॉरिडॉरमध्ये गाठलं. तिला सगळं विचारलं आणि तिनं बिचारीनं सगळं सांगितलं, कारण यात लपवण्यासारखं काही आहे हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं. वर्षातून तीनदा. वसंतात, सप्टेंबरात, नाताळच्या आधी. नेहमी मंगळवार, कारण मंगळवारी माझ्या दोन फेऱ्या असतात आणि मी आश्रमात येत नाही. तू राहतोस नदीपलीकडे पोलंडात, कुणा बाईच्या घरगुती लॉजमध्ये, म्हणजे आपल्या गावच्या हॉटेलात कुणी तुला ओळखायला नको. सकाळी पुलावरून चालत इकडे, संध्याकाळी चालत तिकडे. आपल्याच आईकडे चोरून येणारा प्रवासी.

मग मी तिचा खण उघडला. उघडला मी, मला लाज वाटत नाही. रुमालांच्या खाली एक छोटा रेकॉर्डर होता. बटण दाबलं तर माझाच आवाज. "मंडळी, जपून, फरसबंदी ओली आहे." माझे विनोद, एकेक करून, आणि लोकांचं हसणं. कापडाची घसघस, तो तुझ्या खिशात होता म्हणून. बाबांच्या शाळेसमोर मी थांबते तिथे सगळे गप्प, आणि कुणीतरी नाक ओढतं. मग कमान. तुझा श्वास. "चिमणे." आणि लगेच धावत गेलेले बूट.

साठीच्या माणसानं पळून जावं, फरसबंदीवरून! पडला असतास तर?

आई अजून झोपेचं सोंग घेऊन होती. मी दार आपटून आले. उद्या जाणार आहे आणि तिला बोलतं करणार आहे. तुम्ही दोघांनी मिळून मला सहा वर्षं वेड्यात काढलंत. मी तिला अंघोळ घालते, मी तिची नखं कापते, मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवते, आणि मुरंबा कुणाचा? तुझा!

रो.


८ ऑक्टोबर

एकहार्ट,

हे पत्र लिहायला मी तीन कागद फाडले.

आई खुर्चीत बसून माझी वाटच बघत होती. केस विंचरलेले, कवळी घातलेली. मी कोट न काढता म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मंगळवारीही आली असतीस."

"आले असते तर काय बिघडलं असतं?"

"तो आला नसता."

मी म्हटलं, रेकॉर्डर काय आहे? तर म्हणते कशी, "अख्खं जग तुझं बोलणं ऐकायला येतं, मला पायांमुळे येता येत नाही. मी त्याला म्हटलं, जा, ऐकून ये, आणि मला आणून दे. त्या कमानीत तोंड उघड म्हणून मी नव्हतं सांगितलं. तो त्याचा गाढवपणा."

मी ओरडायला सुरुवात केली. तीस वर्षांचं सगळं काढलं, तुला मागच्या पत्रात लिहिलं ते आणि आणखी. आईनं ऐकून घेतलं. मग तिनं उशीखालून एक पाकीट काढलं आणि मांडीवर ठेवलं. उघडलं नाही. मला ते लांबूनच ओळखू आलं. माझंच अक्षर होतं.

"पहिल्या दिवशीच त्यानं हे दाखवलं," आई म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी. तो रडत होता. मला म्हणाला, आई, अजूनही तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी जातो."

मी खाली बसले. कोट घातलेलाच होता.

तुला माहीत आहे त्या पत्रात काय आहे. तरी मला ते माझ्या हातानं एकदा लिहू दे. मार्च १९९५. बाबा गेल्याची तार मी तुला केली, आणि तुझी उलट तार आली: 'येऊ का?' मी लिहिलं, 'आई म्हणते, तिला तुझं तोंड पाहायचं नाही. येऊ नकोस.' आई असं म्हणाली नव्हती. आईला तुझी तार मी दाखवलीसुद्धा नाही. तिनं दोनदा विचारलं, एकहार्टला कळवलंस ना? मी म्हटलं, कळवलं, त्याला सुट्टी मिळत नाही.

हे मी का केलं ते सांगते, माफी म्हणून नाही. तुझी तार आली तेव्हा मी स्वयंपाकघरात बाबांचे काळे बूट साफ करत होते, शवपेटीत त्यांच्या पायात घालायचे म्हणून. शिवणीत कोळसा बसला होता. सुईनं काढला, ब्रशनं काढला, निघेना. आणि 'येऊ का?' म्हणे! जसं काही वाढदिवसाचं आमंत्रण आहे आणि केक कसला आहे ते विचारतोयस. 'येतो' लिहिलं असतंस तर मी काही करू शकले नसते. पण तू विचारलंस. म्हणून मी उत्तर दिलं.

मी आईला म्हटलं, "सहा वर्षं तुला हे माहीत होतं? आणि तू माझ्या हातून सूप पीत होतीस?"

ती म्हणाली, "सूप चांगलं असायचं."

"आई!"

"मग काय करू? विचारू तुला? तू मला अंघोळ घालत होतीस, रोस्विटा. उघड्या अंगानं माणूस काय जाब विचारणार? आणि विचारलं असतं तर तू शरमेनं यायची थांबली असतीस. मला दोघं हवी होती. एक मंगळवारी, एक बाकीचे दिवस. माझं बरं चाललं होतं."

मला तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडता आलं असतं. मी तसं केलं नाही. मी तिच्यावर फार चिडले होते. गुन्हेगाराला निदान खटला तरी मिळतो. मला सहा वर्षं माफी मिळत होती आणि कुणी कळवलंही नाही.

तुझ्या बाबतीत मी चुकले. हे वाक्य लिहिलं. पुन्हा लिहायला लावू नकोस.

रोस्विटा


२२ ऑक्टोबर

एकहार्ट,

तुझ्या पत्रात तू 'झालं गेलं' असं लिहिलंस. तो शब्द मला आवडत नाही. झालेलं कुठेही जात नाही, मी त्याच्यावरच पोट भरते.

आता कामाचं बोलू. आईला पूल ओलांडायचाय.

हे वाक्य तू परत वाच. १९४५मध्ये, तो काठ पोलंडकडे गेला तेव्हा, ती नदीच्या त्या काठावरून या काठावर आली, एकवीस वर्षांची असताना, एका हातगाडीवर शिवणयंत्र आणि आजीला घालून. त्यानंतर पलीकडे एकदाही गेली नाही. आठ वर्षांपूर्वी जुन्या शहरातला पूल नव्यानं झाला, त्या दिवशी अख्खं गाव पुलावर नाचत होतं आणि ती घरी बटाटे सोलत होती. मी म्हटलं, चल ना, तुझं घर बघू. तर म्हणाली, "माझ्या घरी मी पाहुणी म्हणून जाऊ? कॅमेरा गळ्यात घालून? मी काय प्रवासी आहे?"

आणि आता जायचंय. का, तर म्हणे एकहार्टनं सांगितलंय की आजोबांची बेकरी अजून बेकरीच आहे. सकाळी धुराड्यातून धूर येतो. खसखशीचे पाव मिळतात, वळणदार, पूर्वीसारखेच. पोलिश बेकरीवाला मिशीला पीठ लावून दारात उभा असतो.

एकहार्ट, मी दर शनिवारी पलीकडे भाजीला जाते. आजोबांच्या बेकरीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात.

तू हे तिला सहा वर्षं सांगतोयस? दर खेपेला? मिशीसकट?

मी तिला काही बोलले नाही. या वेळी तोंड उघडणारी मी नाही. तूच ये आणि तूच तिला त्या दुकानासमोर ने. शनिवार, ३ नोव्हेंबर, सकाळी अकरा. पुढच्या दारानं ये. व्हीलचेअरला ती फरसबंदी सोसत नाही, म्हणून एक जाड उशी आण. माझ्याकडे आहे, पण तूही काहीतरी आण.

रो.


६ नोव्हेंबर

एकहार्ट,

तू तिथे होतास, तरी मी हे लिहितेय. तुझं ऐकणं आणि माझं ऐकणं वेगळं असतं हे आपल्या घराण्यात सिद्ध झालेलं आहे.

तू पुढच्या दारानं आलास. म्हातारा झालायस. कान बाबांचे झालेत. हात मिळवायचा की नाही ते आपल्याला ठरेना, म्हणून दोघांनी एकदम व्हीलचेअरची एकेक मूठ धरली आणि खुर्ची जी तिरकी निघाली ती थेट फुलांच्या वाफ्यात. आई ओरडली, "एकानं ढकला! मी नांगर आहे का?"

पुलाच्या मधोमध तिनं हात वर केला, तू थांबलास. खाली नायसे नदी नेहमीसारखी, तपकिरी, घाईत. आई म्हणाली, "एवढीशीच होती?" आणि हातानं खूण केली, चला.

मग ते दुकान. तू मला सांगितलं होतंस की आधी तिला समजावशील. तू समजावलं नाहीस. रस्ताभर तू हवेबद्दल बोलत होतास. दुकानासमोर खुर्ची थांबली. काचेत गुलाबी कव्हरं, सशाच्या कानांची कव्हरं. आई बघत राहिली. आतून निळी नखं रंगवलेली पोरगी बाहेर आली आणि मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "आजी, फोन कुठला तुमचा?"

"नको बाळ," आई म्हणाली. "इथे माझ्या वडलांची भट्टी होती."

त्या पोरीनं मागे वळून दुकानात बघितलं, जसं काही भट्टी अजून असेल आणि आपल्यालाच दिसली नसेल. मग म्हणाली, "थांबा, मी खुर्ची आणते," आणि आईला आधीच खुर्ची आहे हे लक्षात येऊन लाजली. मला ती फार आवडली.

आई तुझ्याकडे वळली. "मिशीवाला कुठे गेला?"

तू म्हणालास, "आई, मी..."

"आणि धूर? दर वेळी सांगायचास. मागच्या खेपेला तर म्हणालास की पावाचा वास पुलापर्यंत येतो."

मी मनातून इतकी खूश होते की मला उडी मारावीशी वाटत होती.

"दोन्ही पोरं खोटारडी निघाली," आई रस्त्याला उद्देशून म्हणाली. "एकीनं माझ्या तोंडात शब्द घातले, एकानं माझ्या बापाच्या भट्टीत पाव भाजले. तुमचा बाप एका खोट्या कागदावर सही करायला तयार झाला नाही, आणि ही त्याची मुलं!"

आणि हसायला लागली. तू हसलास, ती पोरगीही हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी. मी हसले नाही. बाबांचा कागद तिनं असा भर रस्त्यात, सशाच्या कव्हरांसमोर काढावा, हे मला सोसलं नाही. नंतर कोपऱ्यावरच्या दुकानातून तिला खसखशीचा केक हवा झाला, तो तिनं मांडीवर कागद पसरून अख्खा खाल्ला, तुझ्या कवळीनं. ती म्हणाली की तिचे वडील असला केक कुत्र्याला घालत.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. संध्याकाळी आईला झोपवून आपण आश्रमाच्या छोट्या स्वयंपाकघरात कप धूत होतो. मी ठरवून आले होते. पत्रात लिहिलेलं पुरेसं नसतं, ते तोंडानं बोलावं लागतं. म्हणून मी तुझ्याकडे बघून म्हटलं, "मी खोटं लिहिलं होतं. आई तसं म्हणाली नव्हती."

तू कप पुसत राहिलास. मग म्हणालास, "माहीत होतं."

"आईनं सांगितल्यावर?"

"नाही. पत्र आलं त्याच दिवशी. आई 'तोंड पाहायचं नाही' असं कधी बोललीच नसती. ते बोलणं तुझं आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मग आला का नाहीस?"

"कारण ते पत्र मला सोयीचं होतं."

हे तू अगदी हळू म्हणालास. मग पुढचं. की बाबांच्या पेटीसमोर उभं राहायची तुझी छाती नव्हती. की त्यांनी त्या कागदावर सही केली असती तर तू धावत आला असतास, कारण मग फिट्टंफाट झाली असती. पण त्यांनी सही केली नाही आणि अकरा वर्षं कोळसा ओढला, अशा माणसासमोर हात जोडून उभं कसं राहायचं? तेवढ्यात माझं पत्र आलं. तू ते जपून ठेवलंस. कुणी विचारलं की इतकी वर्षं गावी का गेला नाहीस, की ते दाखवायचं. बायकोला दाखवलंस. अकरा वर्षांनी आईलाही दाखवलंस, रडत.

मी ओला टॉवेल तुझ्या तोंडावर फेकला. तो कमी होता. हाताशी किटली होती, ती जड आहे म्हणून वाचलास. मी काय ओरडले ते अख्ख्या मजल्यानं ऐकलं. बोझेना धावत आली, "अहो, इथे म्हातारी माणसं झोपलीयत!" आणि पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, "झोपलेलं कुणी नाहीये. चालू द्या."

तुला तुझी गाडी पकडायची होती, त्यामुळे माझं अर्धंच बोलून झालं. उरलेलं लिहिते.

सतरा वर्षं मी समजत होते की तुला या गावापासून मी तोडलं. सतरा वर्षं दर मार्चमध्ये बाबांच्या थडग्यापाशी उभी राहून मी त्यांच्याशी नजर मिळवू शकले नाही, दगडाशीसुद्धा. आई 'एकहार्ट' म्हणाली की मी उठून खिडकी उघडायचे. लग्नाचा विचार मी सोडून दिला त्याची कारणं दुसरी आहेत, पण त्यातही ते पत्र थोडं होतं. आणि तू? तू माझं खोटं ओळखलंस, घडी घातलीस आणि छत्रीसारखं वापरलंस. माझं पाप होतं ते! निदान ते तरी पूर्ण माझं होतं. त्यातही तू अर्धा वाटा घेतलास.

काल सकाळी मी थडग्यावर गेले होते. पानं पडली होती, ती काढली. आणि पहिल्यांदा बाबांना मोठ्यानं सांगितलं, आपण दोघांनी काय केलं ते. आपण दोघांनी. शेजारच्या ओळीत एक बाई फुलं लावत होत्या, त्यांनी मान वळवून बघितलं. मी बोलत राहिले. घरी येताना मला भूक लागली होती, सकाळी दहा वाजता, सपाटून. असं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

याचा अर्थ माझा राग गेला असा घेऊ नकोस. तो आता कुठे नीट जागेवर बसलाय.

नाताळच्या जत्रेला तू येणारच आहेस. पलीकडच्या लॉजमधली खोली रद्द कर, त्या बाईंना माझा नमस्कार सांग. माझ्याकडे उतर. सोफा आखूड आहे, आल्ब्रेख्टच्या वेळचाच. एक आठवडा तरी काढून ये, एका दिवसात माझं संपणार नाही. सत्तरच्या दशकापासून सुरुवात करायची आहे, आणि पत्रात ओरडता येत नाही.

रोस्विटा